गुप्त वाटाघाटींवर नाटक बसवताना : ऑस्लो 1993 वर लिहू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

1993 मध्ये इस्रायल आणि पीएलओ (पॅलेस्टिनी मुक्ती संघटना) यांच्यात नॉर्वेत गुपचूप बोलणी झाली. त्या ऑस्लोच्या गुप्त वाटाघाटींवर आमच्या सांगलीच्या हौशी ग्रुपने दोन अंकी नाटक केलं. पहिल्या ओळीपासून पहिल्या प्रयोगापर्यंत दीड वर्ष गेलं, आणि त्यातले सात-आठ महिने चुकीच्या वाटेवर गेले. तलवारी, दरबार आणि घोड्यांच्या टापा असलेलं ऐतिहासिक नाटक आपल्याला ठाऊक आहे. कोट घातलेली चार माणसं टेबलाभोवती बसून एका वाक्यावर रात्र काढतात, तेही ऐतिहासिक नाटकच आहे, पण ते लिहिण्याची रीत वेगळी. ती आम्हाला कुणी सांगितली नव्हती, म्हणून हा लेख.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- 13 सप्टेंबर 1993 च्या कराराचा, म्हणजे ‘तत्त्वांच्या जाहीरनाम्या’चा पूर्ण मजकूर. 17 कलमं आणि 4 परिशिष्टं. संयुक्त राष्ट्रांच्या दस्तऐवजांत तो मिळतो.
- 9 आणि 10 सप्टेंबर 1993 च्या परस्पर मान्यतेच्या पत्रांचा मजकूर.
- इस्रायली सहभागीने लिहिलेल्या आठवणी आणि पॅलेस्टिनी सहभागीने लिहिलेल्या आठवणी, किमान एकेक. दोन्ही बाजूंच्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. एकाच बाजूचं वाचून लिहायला बसू नका.
- पॅलेस्टाईन-इस्रायलचा मोठा नकाशा, तालमीच्या खोलीत लावायला.
- जुना वायरवाला टेलिफोन. हा का, ते सहाव्या पायरीत येईल.

1. काळाची शीव आखा

माझा पहिला खर्डा 1947 पासून सुरू होत होता. पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव, निर्वासितांचे तांडे, 1967 चं युद्ध, म्युनिक ऑलिंपिकमधला हल्ला, लेबनॉनचं युद्ध. चौदा प्रवेश झाले. पहिल्या वाचनाला अकरा जण होते आणि तिसऱ्या प्रवेशानंतर सगळे मान खाली घालून बसले होते. वाईट कुणीच बोललं नाही, पण इतिहासाचा तास चालू आहे हे सगळ्यांना जाणवत होतं.

तुम्ही असं करू नका. नाटकाला जानेवारी ते ऑगस्ट 1993 एवढीच शीव घाला. मागचं सगळं पात्रांच्या पोटात राहू द्या आणि जिथे दुखतं तिथेच बाहेर येऊ द्या. पीएलओकडून बोलणारे अबू अला (अहमद कुरेई) यांचा जन्म जेरुसलेमला लागून असलेल्या अबू दिस गावचा. इस्रायलकडून बोलणारे उरी साविर जेरुसलेममध्येच जन्मलेले. एकाच डोंगररांगेवरची दोन माणसं एकमेकांना भेटायला नॉर्वेच्या जंगलात जातात. एवढं एक वाक्य प्रेक्षकाला कळलं की 1948 ची निम्मी गोष्ट त्याला आपोआप कळते.

2. तारखा भिंतीवर लावा

आम्ही तक्त्याचा कागद लावून हे लिहिलं होतं:

- 30 ऑक्टोबर 1991 : माद्रिदची अरब-इस्रायल शांतता परिषद सुरू. त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये अधिकृत बोलणी, पण पीएलओ थेट टेबलावर नाही.
- 4 डिसेंबर 1992 : लंडन. इस्रायली प्राध्यापक याइर हिर्शफेल्ड आणि अबू अला यांची भेट. पीएलओच्या माणसाला भेटणं तेव्हा इस्रायली कायद्याने गुन्हा.
- डिसेंबर 1992 : इस्रायलने सुमारे 415 पॅलेस्टिनींना दक्षिण लेबनॉनमध्ये हद्दपार केलं. वॉशिंग्टनची बोलणी अडकली.
- 19 जानेवारी 1993 : क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) तो भेटबंदीचा कायदा रद्द केला.
- 20 जानेवारी 1993 : दुसऱ्याच दिवशी, ऑस्लोच्या आग्नेयेला सार्प्सबोर्ग इथल्या बोरेगार्ड वाड्यात पहिली बैठक.
- मे 1993 : इस्रायली परराष्ट्र खात्याचे महासंचालक साविर आले. आता प्राध्यापकांच्या जागी सरकार बोलू लागलं. जूनमध्ये वकील योएल सिंगर आले.
- 17-18 ऑगस्टची रात्र : स्टॉकहोम ते ट्यूनिस (पीएलओचं तेव्हाचं मुख्यालय) फोन.
- 19-20 ऑगस्टची रात्र : ऑस्लोत मसुद्यावर आद्याक्षरी सह्या.
- 13 सप्टेंबर : व्हाइट हाउसचं हिरवळीचं मैदान.

19 आणि 20 जानेवारी या दोन ओळींखाली लाल रेघ मारा. आदल्या दिवसापर्यंत जो गुन्हा होता, त्याच गोष्टीने दुसऱ्या दिवशी वाटाघाटी सुरू होतात. नाटकाची पहिली घंटा इथेच द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

3. पात्रं कमी करा, आणि नावांचा निर्णय लवकर घ्या

खऱ्या घटनेत माणसं खूप आहेत. इस्रायलकडून हिर्शफेल्ड, रॉन पुंडाक, साविर, सिंगर, आणि मागे उपपरराष्ट्रमंत्री योसी बेइलिन, परराष्ट्रमंत्री शिमोन पेरेस, पंतप्रधान यित्झाक राबिन. पॅलेस्टिनींकडून अबू अला, हसन असफूर, माहेर अल-कुर्द, आणि मागे महमूद अब्बास, पीएलओचे प्रमुख यासर अराफात. नॉर्वेकडून फाफो या संशोधन संस्थेचे तेर्ये रॉड-लार्सन, त्यांच्या पत्नी आणि परराष्ट्र खात्यातल्या अधिकारी मोना यूल, यान एगेलान, एप्रिलपासून परराष्ट्रमंत्री झालेले योहान यॉर्गन होल्स्ट आणि त्यांच्या पत्नी मारियान हायबर्ग. एवढ्यांना रंगमंचावर आणलंत तर प्रेक्षक पत्रकावरची नावंच शोधत बसेल.

आम्ही आठ पात्रं ठेवली आणि त्यांना कामावरून ओळख दिली: प्राध्यापक, त्याचा सहकारी, महासंचालक, वकील, खजिनदार (अबू अला पीएलओच्या आर्थिक व्यवहारांचं काम पाहत), खजिनदाराचा साथीदार, यजमान आणि यजमानीण. नेते रंगमंचावर येतच नाहीत. ते फोनच्या पलीकडे राहतात.

याला दोन कारणं. यातली काही माणसं आजही हयात आहेत, आणि त्यांच्या तोंडी कल्पनेतलं वाक्य त्यांच्या खऱ्या नावाने घालणं मला बरोबर वाटत नाही. दुसरं असं, की नावं गेल्यावर आमचे नट टीव्हीवर पाहिलेल्या चेहऱ्यांची नक्कल करायचे थांबले.

खरी नावं ठेवणार असाल तर उच्चार आधीच पक्के करा. Juul चा ‘जूल’ होऊ देऊ नका, तो ‘यूल’. नॉर्वेजियन भाषेत ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘य’ होतो. पाठांतर झाल्यावर उच्चार बदलणं फार जड जातं.

4. ‘तुम्ही’ आणि ‘तू’ : मराठीने दिलेलं हत्यार

ही पायरी सगळ्यात नीट वाचा. माझ्या लेखी या नाटकाचा जीव इथे आहे.

खरी बोलणी इंग्रजीत झाली. दोन्ही बाजूंसाठी ती परकी भाषा, आणि त्या भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ला एकच शब्द. आपल्याकडे मात्र माणूस जवळ कधी आला आणि दूर कधी गेला, ते एका सर्वनामात ऐकू येतं. ते वापरा.

आम्ही पहिल्या अंकात कुणालाच ‘तू’ म्हणू दिलं नाही. ‘आपण’ आणि ‘आपलं शिष्टमंडळ’ इथून सुरुवात. बर्फातून फिरून आल्यावर ‘आपण’चं ‘तुम्ही’ होतं. दुसऱ्या अंकात, वकिलाने मसुद्याची चिरफाड केल्यावर खजिनदार उठून जायला निघतो. महासंचालक त्याच्यामागे दारापर्यंत येतो. आमच्या संहितेतला हा काल्पनिक संवाद:

— गाडी बोलवायला सांगितलीय मी.
— सांगा. पण कोट घ्या. बाहेर गारठा आहे.
— माझ्या गारठ्याची काळजी करू नका तुम्ही.
— तू आजारी पडलास तर मी कोणाशी भांडू?

त्या ‘तू’वर नाट्यगृहात खरोखर शांतता पसरायची. नटाला मी एकच सूचना दिली होती: ‘तू’वर जोर देऊ नकोस, तो निसटला पाहिजे. आणि पुढच्या वाक्याला खजिनदार पुन्हा ‘तुम्ही’च म्हणतो. लगेच ‘तू’ला ‘तू’ दिलात तर सगळं गोडगोड होऊन जातं.

सापळा: अरब पात्राला उर्दूमिश्रित ‘जनाब’ छाप मराठी देऊ नका, ज्यू पात्राला हेल देऊ नका, आणि नॉर्वेच्या लोकांना तुटक मराठी तर मुळीच नको. सगळे शुद्ध, साधी, शिकलेल्या माणसाची मराठी बोलतात, हे पहिल्या मिनिटात ठरवा. प्रेक्षक ते मान्य करतो.

5. प्रत्येक प्रवेशात कागदावरचा एक शब्द ठेवा

‘शांतता हवी’, ‘न्याय हवा’ असे संवाद लिहायला सोपे असतात आणि रंगमंचावर पोकळ वाजतात. प्रवेश लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारा, की या प्रवेशात कागदावरचा कुठला शब्द बदलतो? उत्तर नसेल तर प्रवेश काढून टाका.

शब्द शोधायला करारच उघडा. गाझा आणि जेरिकोसाठी त्यात ‘माघार’ असा शब्द आहे. उरलेल्या (जॉर्डन नदीच्या) पश्चिम किनाऱ्यासाठी मात्र ‘फेरतैनाती’. माघार म्हणजे सैन्य जाणार. फेरतैनाती म्हणजे सैन्य हलणार, जाईलच असं नाही. एका शब्दाच्या फरकात किती गावं येतात, ते नकाशावर बोट ठेवून नटांना दाखवा. आमच्या वकिलाचं काम करणारा मुलगा तोवर नुसता रागीट आवाजात बोलत होता. नकाशा पाहिल्यावर त्याने आवाज खाली आणला आणि तो भयंकर वाटायला लागला.

दुसरा शब्द तर ऐन सहीच्या दिवशीचा. मजकुरात ‘पॅलेस्टिनी चमू’ असं होतं. अराफात वॉशिंग्टनला पोचले आणि त्यांनी अट घातली, की तिथे ‘पीएलओ’ हवं, नाहीतर सही नाही. शेवटच्या तासांत तो शब्द बदलला गेला.

कागद रंगमंचावर खरा असू द्या. आम्ही टाइप केलेलं पान ठेवायचो आणि नट खरंच पेनाने शब्द खोडायचा. मिरचीच्या हंगामात आमच्या तालमीच्या हॉलबाहेर दिवसभर ट्रकचा गोंगाट असायचा, त्यामुळे हा आवाज आम्हाला कधी ऐकूच आला नव्हता. रंगीत तालमीला, बंद नाट्यगृहात, पेनाची निब कागदावरून गेलेली शेवटच्या रांगेत ऐकू आली. त्या दिवशी आम्ही त्या जागचं पार्श्वसंगीत काढून टाकलं.

6. खोली, जेवण आणि फोन

नॉर्वेच्या यजमानांची पद्धत समजून घ्या, नेपथ्य त्यातूनच निघतं. बोलणी बंद दाराआड, आणि सुरुवातीच्या काळात यजमान आत बसत नसत. दाराबाहेर मात्र सगळ्यांनी एकत्र जेवायचं, एकत्र फिरायचं, एकाच छपराखाली झोपायचं. बाहेरच्या जगाला सांगायला कारणही होतं: फाफो गाझा आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांच्या राहणीमानाचा अभ्यास करतच होती.

म्हणून रंगमंचाचे दोन भाग करा. एका बाजूला वाटाघाटीचं टेबल, दुसऱ्या बाजूला जेवणाचं, मध्ये दार. दाराला भिंत नको, नुसती चौकट पुरते. यजमान चौकटीपाशी उभा आहे, आतला आरडाओरडा त्याला ऐकू येतोय आणि तो काहीही करू शकत नाही. मध्यस्थाची सगळी हालत त्या उभं राहण्यात येते. आमच्या यजमानाला सव्वाचार मिनिटं एकही वाक्य नाही, आणि लोक प्रयोगानंतर त्याच्याबद्दलच बोलत.

होल्स्ट-हायबर्ग यांचा लहान मुलगा या मंडळींबरोबर जमिनीवर बसून खेळायचा, असं सहभागी सांगतात. आम्ही मूल आणलं नाही. टेबलाखाली एक खेळण्यातली लाकडी गाडी ठेवली आणि खजिनदाराच्या पायाला ती लागते, एवढंच केलं.

आता फोन. 17 ऑगस्टच्या रात्री पेरेस स्टॉकहोममध्ये होते. होल्स्ट तिथे पोचले आणि ट्यूनिसला फोन लावला. पलीकडे अबू अला, त्यांच्याजवळ अराफात. पेरेस यांनी स्वतः रिसीव्हर हातात घेतला नाही, होल्स्ट निरोप इकडचे तिकडे करत राहिले. हे सात-आठ तास चाललं. उघड्या टेलिफोनवर नावं घ्यायची नाहीत म्हणून या मंडळींनी घरातली नाती वापरली होती. सर्वोच्च नेते ‘आजोबा’, परराष्ट्रमंत्री ‘बाबा’. मराठीत हे किती सहज बसतं पाहा. “आजोबा झोपलेत का?” “नाही, आजोबा तिसरं वाक्य वाचतायत.” प्रेक्षक आधी हसतो, मग त्याच्या लक्षात येतं की आजोबा ‘नाही’ म्हणाले तर पुढच्या महिन्यात माणसं मरणार आहेत.

आठ तासांचं बोलणं नऊ मिनिटांत दाखवायला आम्ही कॉफीचे कप वापरले. प्रकाश तीनदा मंद व्हायचा, दर वेळी बॅकस्टेजचा मुलगा चार कप वाढवायचा. शेवटी टेबलावर कागद ठेवायला जागा उरत नाही आणि यजमानीण कप हाताने बाजूला सारते. फोनची घंटा रेकॉर्ड केलेली घेऊ नका. विंगेत खरी घंटा वाजवा. नट रिसीव्हर उचलतो त्या क्षणी ती थांबली नाही तर अख्खा प्रवेश जातो, आणि आमचा एकदा तसा गेला आहे.

सापळा: जानेवारीतलं नॉर्वे म्हणून जाड लोकरीचे कोट भाड्याने आणू नका. दिव्यांखाली नट दहा मिनिटांत घामाघूम होतात. अस्तर काढलेले कोट, मफलर, आणि आत येताना खांदे झटकणं. तेवढ्याने बर्फ दिसतो.

7. बाहेरचं जग आत येऊ द्या

त्या आठ महिन्यांत खोलीबाहेर रक्त सांडत होतं. मार्चअखेर इस्रायलने पश्चिम किनारा आणि गाझा यांची नाकेबंदी केली. 25 जुलैपासून आठवडाभर इस्रायली सैन्याने दक्षिण लेबनॉनवर मारा केला. बातम्या रेडिओवरून ऐकवू नका, ती जुनी युक्ती झाली. पात्र सकाळी न्याहारीला येतं, कुणी कुणाकडे पाहत नाही, लोणी मागायलाही कुणी तोंड उघडत नाही. काय घडलं ते नंतर कळलं तरी चालतं.

8. दोन्ही बाजू भूमिका बदलून तपासा

लिहिताना मन एका बाजूला झुकतंच. माझंही झुकलं होतं, आणि एका बाजूच्या तोंडी सगळी सुंदर वाक्यं गेली होती. यावर आम्ही केलेला उपाय सांगतो. तालमीत भूमिका अदलाबदल करा. महासंचालकाने खजिनदाराचे संवाद म्हणायचे आणि उलट. ज्याला समोरच्याचे संवाद म्हणताना ‘मी हरतोय’ असं वाटतं, त्याची बाजू तुम्ही कच्ची लिहिली आहे.

कराराला विरोध करणाऱ्यांचीही जागा ठेवा. कवी महमूद दरवीश यांनी निषेध म्हणून पीएलओच्या कार्यकारी समितीचा राजीनामा दिला. क्नेसेटमध्ये करार 61 विरुद्ध 50 मतांनी पार पडला. मान्यतेच्या पत्रांतला असमतोलही पाहा: पीएलओने इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला, इस्रायलने पीएलओला पॅलेस्टिनी जनतेचे प्रतिनिधी मानलं, पॅलेस्टाईन या राष्ट्राला नव्हे. आमच्या नाटकात हा मुद्दा खजिनदाराचा साथीदार मांडतो, आणि त्याला उत्तर कुणी देत नाही.

9. कागदपत्रं

हे कोरडं आहे पण चुकवू नका. जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो, नाट्यगृहाची तारीख घेण्याआधीच अर्ज करा. लेखकाचं संमतीपत्र, भाषांतर असेल तर मूळ लेखकाची लेखी परवानगी, वापरलेल्या संगीताची परवानगी, कलाकार-तंत्रज्ञांची यादी, हे एका फाइलमध्ये ठेवा. या विषयावर इंग्रजीत नाटक आणि चित्रपट झालेले आहेत. घटना कुणाच्या मालकीच्या नसतात, प्रवेश आणि संवाद असतात. स्वतःचा खर्डा पूर्ण होईपर्यंत ते पाहू नका, नकळत उचललं जातं.

आमची चूक: आम्ही आधीचा खर्डा पाठवला आणि तालमीत दोन प्रवेश बदलले. सगळं पुन्हा करावं लागलं. संहिता बांधून झाल्यावरच पाठवा.

10. शेवट कुठे करायचा

व्हाइट हाउसच्या हिरवळीवरचं राबिन-अराफात हस्तांदोलन सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ते रंगमंचावर आणलंत तर छायाचित्राची नक्कल होते. 4 नोव्हेंबर 1995 ला राबिन यांची हत्या झाली, तिथे संपवलंत तर सगळा दोष एका मारेकऱ्यावर जातो आणि कागदातलं जे अपुरं होतं ते झाकलं जातं. आम्ही 19-20 ऑगस्टच्या रात्रीवर थांबलो. आद्याक्षरी सह्या होतात, टाळ्या नाहीत, सगळे थकलेले. ही बातमी अजून कुणालाच ठाऊक नाही, म्हणून कुणाला फोनही करता येत नाही. प्रकाश टेबलावर राहतो, माणसं एकेक करून जेवणाच्या बाजूला जातात.

प्रयोगानंतर नाट्यगृह अर्धा तास जास्त मागून घ्या, आणि कराराची प्रत विंगेत ठेवा. लोक येतात, वाद घालतात. दुसऱ्या प्रयोगाला एक निवृत्त शिक्षिका थेट रंगमंचावर आल्या आणि टेबलावरचा कागद उचलून म्हणाल्या, “यात जेरुसलेमचं काय ठरलं, ते कुणी बोललंच नाही.” मी प्रत आणून त्यांना पाचवं कलम वाचून दाखवलं. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सुरक्षाव्यवस्था, सीमा : हे सगळं कायमस्वरूपी तोडग्याच्या बोलण्यांत घेतलं जाईल. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. तिसऱ्या प्रयोगापासून आम्ही ते कलम शेवटच्या प्रवेशात घेतलं, वकील ते सहीआधी मोठ्याने वाचतो. त्यासाठी मंडळाकडे पुन्हा अर्ज करावा लागला, तो केला.